समाजशास्त्रात बी.ए. झालं, आता काम कुठे आणि कसं शोधायचं?

'समाजशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात मला आजवर फारशी दिसलेली नाही. पण 'प्रभाग समन्वयक', 'समूह संघटक', 'परिवीक्षा अधिकारी', 'अंगणवाडी पर्यवेक्षिका', 'क्षेत्र संशोधक', 'प्रकल्प सहायक' अशा जाहिराती सतत येत असतात. या सगळ्यांचं काम एकच असतं: माणसांचे समूह समजून घेणं, त्यांच्यात जाऊन बोलणं आणि जे दिसलं ते नीट लिहून काढणं. समाजशास्त्राची पदवी घेतलेली मुलं या जाहिरातींवरून नजर फिरवून पुढे जातात, कारण त्यांत आपल्या विषयाचं नाव ठळकपणे नसतं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं, नंतर एम.ए. केलं आणि मग बरीच वर्षं सर्वेक्षणं व स्वयंसेवी संस्थांच्या कामात काढली. आता अधूनमधून नवीन मुलामुलींच्या मुलाखती घ्यायला बसतो. समोर बसलेल्यांपैकी अनेकजण हुशार असतात. समाजशास्त्राचे पाया घालणारे दुर्खीम आणि वेबर त्यांना पाठ असतात. पण 'तुम्ही काय करू शकता?' असं विचारलं की गप्प होतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी जाहिराती वाचायला शिका

एक वही घ्या आणि महिनाभर रोज अर्धा तास जाहिराती वाचा. अर्ज इतक्यात करू नका. जिल्हा परिषद, महानगरपालिका, महिला व बालविकास विभाग, बचत गटांचं 'उमेद' अभियान आणि मोठ्या स्वयंसेवी संस्था यांच्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती बघा. प्रत्येक जाहिरातीतून तीनच गोष्टी वहीत उतरवा: पदाचं नाव, पात्रता आणि काम काय. पंधरा दिवसांत तुमच्या लक्षात येईल की पात्रतेच्या रकान्यात चार प्रकारचे शब्द पुन्हा पुन्हा येतात: 'कोणत्याही शाखेची पदवी', 'समाजशास्त्र किंवा समाजकार्य', 'सामाजिक शास्त्रे' आणि 'एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आवश्यक'. पहिल्या तीन ठिकाणी तुम्ही आत्ताच बसता. चौथ्या ठिकाणी बसत नाही. हा फरक वेळेवर कळला तर पुढची दोन वर्षं वाचतात. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

एक उदाहरण देतो. जिल्हा परिषदेत एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली अंगणवाडी पर्यवेक्षिकेचं पद असतं. ते महिलांसाठी असतं आणि त्याच्या पात्रतेत गृहविज्ञान, बालविकास, पोषण यांच्या जोडीला समाजशास्त्राच्या पदवीचा स्पष्ट उल्लेख असतो. तरीही समाजशास्त्र घेतलेल्या कितीतरी मुलींना हे माहीतच नसतं. त्या लिपिकाच्या परीक्षेला लाखो उमेदवारांच्या गर्दीत बसतात आणि जिथे आपल्या विषयाचं नाव आहे, तिथे अर्ज करायचं राहून जातं. माझ्या ओळखीतल्या एकीला पर्यवेक्षिकेची जाहिरात मुदत संपून गेल्यावर दिसली. पुढची भरती निघेपर्यंत तिला काही वर्षं थांबावं लागलं.

पदवी संपण्याआधी एक छोटा अभ्यास पूर्ण करा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या किंवा त्याआधीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याच गावातल्या किंवा वस्तीतल्या तीस घरांचा अभ्यास करा. त्यासाठी कुणाची परवानगी, अनुदान किंवा मार्गदर्शक नेमून मिळण्याची वाट बघू नका. सरपंचांना किंवा वस्तीतल्या जाणत्या माणसाला आधी सांगा, एवढं पुरे.

विषय लहान आणि टोकदार हवा. 'ग्रामीण समाजातील बदल' हा विषय नाही, ते पुस्तकाच्या धड्याचं नाव झालं. 'आमच्या गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं त्या सहा महिन्यांत कुठे राहतात आणि शाळेचं काय होतं' हा विषय झाला. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या मुलांना तो शिकवायलाच नको. त्यांच्या घरासमोरून दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून जातात. कोकणातल्या मुलाला मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या घरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा विषय मिळेल. पुण्या-मुंबईतल्या मुलीला आपल्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या बायकांचा दिवस मिळेल: सकाळी किती वाजता निघतात, किती घरं करतात, सुट्टी कशी ठरते.

घरं निवडताना ओळखीची घरं निवडू नका. वस्तीत दीडशे घरं असतील तर एका टोकापासून मोजत दर पाचवं घर घ्या. प्रश्न दहा-बाराच ठेवा. आधी चार घरांत विचारून बघा आणि जिथे माणूस गोंधळतो ते प्रश्न बदला.

प्रश्न कसा विचारायचा हे पुस्तकातून येत नाही. एखाद्या बाईला 'तुम्ही काम करता का?' असं विचारा. ती म्हणेल, 'नाही, घरीच असते.' फॉर्मवर 'काम करत नाही' अशी खूण होईल आणि तुमची सगळी माहिती खोटी ठरेल. तिलाच विचारा, 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?' मग कळतं की पहाटे पाणी भरलं, दूध काढलं, दहा वाजता दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, संध्याकाळी येताना सरपण आणलं. बायकांचं काम आकडेवारीत का दिसत नाही, हे वर्गात तुम्ही एका परिच्छेदात शिकला होतात. तोच परिच्छेद इथे तुमच्यासमोर उंबऱ्यावर बसलेला असतो. प्रश्नाचे शब्द बदलले की समाज वेगळा दिसतो, हे ज्याला स्वतःच्या अनुभवातून कळलं, त्याला कामावर घ्यायला मला दुसरं प्रमाणपत्र लागत नाही.

जमिनीबद्दल विचाराल तर एकर आणि गुंठ्यांत विचारा (४० गुंठ्यांचा एक एकर), हेक्टरमध्ये नको. उत्पन्न थेट विचारू नका; कोणत्या महिन्यात कुठून पैसे आले, असं विचारा. जातीचा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा आणि सांगायचं नसेल तर सोडून द्या. प्रत्येक घरात सुरुवातीलाच सांगा की हा अभ्यास आहे, यातून कुठली योजना किंवा पैसे मिळणार नाहीत. हे स्पष्ट सांगितलं नाही तर लोक रेशन कार्ड घेऊन बाहेर येतात आणि तुमच्याकडून आशा बाळगतात. ती आशा लावणं हा अन्याय आहे.

माहिती जमली की चार पानांचा अहवाल लिहा: काय शोधलं, कसं शोधलं, काय आढळलं, काय शोधता आलं नाही. कुणाचंही खरं नाव घालू नका. एक-दोन साधे तक्ते टाका. हे चार पानांचं काम पुढे प्रत्येक अर्जासोबत जोडा.

एम.ए. की एम.एस.डब्ल्यू.? हा फाटा नीट बघा

बी.ए.नंतर बहुतेकजण सरळ एम.ए. समाजशास्त्राला प्रवेश घेतात, कारण तेच कॉलेज, तेच सर आणि तोच विषय. पण समाजशास्त्र आणि समाजकार्य हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि नोकरीच्या बाजारात त्यांची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी लागते.

समाजशास्त्रात समाज कसा चालतो याचा अभ्यास असतो. समाजकार्यात माणसाला, कुटुंबाला, वस्तीला मदत कशी उभी करायची याचं व्यावसायिक प्रशिक्षण असतं. एम.एस.डब्ल्यू.मध्ये आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं: रुग्णालय, बालगृह, कारागृह, वस्ती, कारखाना. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, कारखान्यातले कामगार कल्याण अधिकारी, समुपदेशनाची बरीचशी पदं यांच्या पात्रतेत समाजकार्याची पदवी मागितलेली असते. एम.ए. समाजशास्त्र करून तिथे अर्ज केला तर छाननीतच बाहेर. गुण कितीही असोत.

म्हणून असं ठरवा. तुम्हाला माणसांसोबत रोजचं काम करायचं आहे, एकेका केसच्या मागे लागायचं आहे, तर एम.एस.डब्ल्यू. करा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (ही १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठीच सुरू झाली, तिची एक शाखा तुळजापूरला आहे) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाची आणि तिरपुडे ही समाजकार्याची महाविद्यालयं ही जुनी नावं आहेत. समाजशास्त्राची पदवी घेऊन इथे प्रवेश घेता येतो. टाटा संस्थेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यापासूनच संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

तुम्हाला संशोधन, अध्यापन, धोरण किंवा स्पर्धा परीक्षा यांत जायचं असेल तर एम.ए. समाजशास्त्र योग्य. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा, देशातला सगळ्यात जुना. मालवणला जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी तिथे पिढ्या घडवल्या. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे. आकडेवारीत रस असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जरूर बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था पार पाडते आणि तिथून शिकलेल्यांना आरोग्य व लोकसंख्या संशोधनात मागणी असते.

घरची परिस्थिती लगेच नोकरी मागणारी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूमधून नोकरी करत पदव्युत्तर शिक्षण घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. मी मुलाखतीला बसतो तेव्हा मुक्त विद्यापीठातून शिकलेला आणि तीन वर्षं क्षेत्रात राबलेला उमेदवार पुष्कळदा सरस ठरतो.

पहिली नोकरी: बहुधा सर्वेक्षणाची

समाजशास्त्राच्या पदवीधराला सगळ्यात सहज मिळणारं पहिलं काम म्हणजे क्षेत्र संशोधकाचं. बोलीत त्याला 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर' किंवा नुसतं 'सर्वेवाला' म्हणतात. मोठी आरोग्य सर्वेक्षणं, योजनांचं मूल्यमापन, बाजार संशोधन या सगळ्यांना माणसं लागतात. काम दोन-चार महिन्यांचं असतं. मुक्कामी राहावं लागतं, एसटीने आणि पायी फिरावं लागतं, आणि आता बहुतेक ठिकाणी कागदाऐवजी टॅबवर माहिती भरावी लागते.

या कामाला हलकं समजू नका. सहा महिन्यांत तुम्ही चार जिल्हे बघता, प्रश्नावली आतून समजते आणि माहिती कुठे बिघडते ते कळतं. पण काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. दिवसाचं मानधन किती, प्रवासखर्च आणि मुक्कामखर्च वेगळा की त्यातच, एका दिवसात किती घरं अपेक्षित, पैसे कधी मिळणार, हे सगळं लेखी घ्या. मी सुरुवातीच्या काळात एका कंत्राटदार कंपनीसाठी दोन महिने विदर्भात फिरलो. तोंडी ठरलेल्या पैशांपैकी निम्मे आले आणि उरलेले आजतागायत आले नाहीत. माझ्याकडे कागद नव्हता.

दुसरं म्हणजे, घरी न जाता फॉर्म भरू नका. घाई असते, सुपरवायझर आकड्यांसाठी मागे लागलेला असतो आणि चावडीवर बसून पाच फॉर्म भरायचा मोह होतो. पण कामाची फेरतपासणी होते, टॅबमध्ये वेळ आणि जागा नोंदली जाते, आणि पकडलं गेलं की त्या क्षेत्रात तुमचं नाव संपतं. त्याहून महत्त्वाचं हे की त्या खोट्या फॉर्मवर पुढे एखाद्या तालुक्याच्या कुपोषणाचा आकडा उभा राहतो.

वर्षभर हे काम केलं की सुपरवायझर, मग संशोधन सहायक, मग प्रकल्प अधिकारी अशी चढण सुरू होते. ती चढायची असेल तर इंग्रजीत अहवाल वाचायची आणि लिहायची सवय लावा. मराठी माध्यमातल्या मुलांना इथेच अडतं, आणि अडायची गरज नसते. रोज एका अहवालाचं एक पान वाचा. संकल्पनांची दुहेरी वही ठेवा: स्तरीकरण, सामाजिक गतिशीलता, संस्कृतीकरण यांना इंग्रजीत काय म्हणतात ते एका बाजूला, आणि आपल्या गावातलं उदाहरण दुसऱ्या बाजूला.

सरकारी आणि निमसरकारी कामं

'उमेद', म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, बचत गटांचं जाळं चालवतं. त्यात प्रभाग समन्वयक, तालुका अभियान व्यवस्थापक अशी पदं असतात. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच 'माविम', १९७५ पासून काम करतं. तिथल्या सहयोगिनी आणि लोकसंचालित साधन केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना गावाची सत्तारचना समजावी लागते: गटाची अध्यक्ष कागदावर कोण आणि निर्णय घेणारं घर कोणतं. समाजशास्त्र शिकलेल्याला हे इतरांपेक्षा लवकर दिसायला हवं.

शहरांत महानगरपालिका आणि नगरपालिका समूह संघटक नेमतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाजसेवक, समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी ही पदं असतात. त्यांतल्या काही पदांच्या पात्रतेत समाजकार्याबरोबर समाजशास्त्रही चालतं. जाहिरात नीट वाचा. बालकांसोबतचं काम मनाला थकवणारं असतं. बालविवाह थांबवायला जाताना गावकऱ्यांचा रोष अंगावर घ्यावा लागतो. तुमची तयारी असेल तर इतकं मोलाचं काम क्वचितच मिळेल.

यांतली बरीच पदं कंत्राटी असतात: अकरा महिन्यांचा करार, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा करार. पगाराला 'मानधन' म्हणतात आणि कधी ते दोन-तीन महिने थकतं. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हे आधीच हिशेबात धरा. अनुभवाचं प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्या. नंतर अधिकारी बदलतात आणि फाइल सापडत नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि मराठी टंकलेखन आत्ताच उरकून टाका, कारण ते ऐन वेळी अडवतात.

अनुसूचित जाती, मराठा-कुणबी, इतर मागासवर्ग आणि आदिवासी समाजांसाठी काम करणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या राज्य शासनाच्या संस्था आहेत. पहिल्या तिघांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आणि स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणाच्या योजना आपापल्या प्रवर्गातल्या मुलांनी बघितल्याच पाहिजेत. कागदपत्रं (जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास) जाहिरात निघाल्यावर नव्हे, आत्ता काढा.

मुख्यमंत्री फेलोशिप हा वर्षभराचा, प्रशासनासोबत काम करण्याचा कार्यक्रम आहे. त्याला पदवीला चांगले गुण, कामाचा अनुभव आणि वयाची मर्यादा असते. पदवीनंतरचं एक वर्ष कुठल्यातरी संस्थेत नियमित काम केलेलं असेल तरच हा दरवाजा उघडतो, म्हणून पहिलं वर्ष रिकामं जाऊ देऊ नका.

स्पर्धा परीक्षा आणि प्राध्यापकी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो: दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. उत्तरं मराठीत लिहिता येतात. पहिल्या पेपरमध्ये मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड. दुसऱ्यात भारतीय समाज, म्हणजे घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई आणि जात, शेती, आदिवासी, शहर. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं स्वरूपही २०२५ पासून वर्णनात्मक झालं आणि तिथे वैकल्पिक विषय आला. बी.ए.चा अभ्यास नीट केलेल्याला हा मोठा आधार आहे.

पण पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन सात-आठ वर्षं अभ्यासिकेत बसलेली आणि तिशी ओलांडल्यावर हातात काहीच नसलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांच्या मेहनतीत खोट नव्हती, जागाच थोड्या होत्या. म्हणून वर्षांची मर्यादा पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर बोलून ठरवा आणि त्या काळात जोडीला एम.ए. किंवा अर्धवेळ काम चालू ठेवा.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. समाजशास्त्राचा नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. सेट मराठीतही देता येते. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी चालते. मराठी माध्यमातल्यांनी आधी सेट द्यावी, पण नेट सोडू नये, कारण नेटमध्ये वरच्या क्रमांकात आलात तर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.ची पाच वर्षं घरून पैसे न मागता काढता येतात.

पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, हे जड मनाने लिहितो. अनेकांना वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. सुट्ट्यांचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायचं असेल तर एम.ए.सोबत बी.एड. करा. माझ्या मते ज्याला शिकवायचीच ओढ आहे त्याने नेट-सेट आणि बी.एड. दोन्ही हाताशी ठेवावं.

स्वयंसेवी संस्था, सीएसआर आणि कंपन्या

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते; यालाच सीएसआर म्हणतात. हा पैसा बहुतांशी संस्थांमार्फत खर्च होतो आणि त्याचा परिणाम मोजायला, लिहायला माणसं लागतात. 'देखरेख आणि मूल्यमापन' या नावाची पदं इथून निर्माण झाली. समाजशास्त्राच्या माणसासाठी ही सगळ्यात वाढती जागा आहे असं मला वाटतं.

काम शिकायला ग्रामीण संस्था उत्तम. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची आरोग्यात काम करणारी 'सर्च', उरुळी कांचनला सुरू झालेली, पशुपालनात काम करणारी 'बाएफ', पुण्याची पाणलोट क्षेत्रात काम करणारी 'वॉटर', शिक्षणातली 'प्रथम': यांच्या पद्धती एकमेकींपासून वेगळ्या आहेत. आधी त्यांचे अहवाल वाचा, मग अर्ज करा. 'प्रथम'चं 'असर' सर्वेक्षण गावोगावी स्वयंसेवकांमार्फत होतं. कॉलेजात असतानाच त्यात भाग घेता आला तर घ्या. दोन दिवसांच्या कामात मूल खरंच काय वाचू शकतं ते समजतं.

भूसंपादन आणि पुनर्वसन हेही एक क्षेत्र आहे, आणि त्याकडे मुलांचं लक्ष जात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन आणलं: प्रकल्पामुळे कोणाची जमीन, घर, रोजगार, देऊळ, स्मशान जाणार याचा अभ्यास. तो करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना आणि पुनर्वसन कक्षांना समाजशास्त्रज्ञ लागतात. इथे तुमच्या एका ओळीवर एखाद्या भूमिहीन कुटुंबाचं नाव यादीत येतं किंवा राहून जातं. सातबारावर नाव नसलेला कूळ, दुसऱ्याच्या जमिनीत राबणारी विधवा, गायरानावर राहणारं पारधी कुटुंब ही माणसं कागदावर नसतात. ती शोधून यादीत आणणं हेच तुमचं काम, कितीही घाई करा म्हटलं तरी.

खासगी कंपन्यांत बाजार संशोधन, ग्राहक अभ्यास आणि मोबाइल अॅप लोक कसं वापरतात याचं संशोधन यांत संधी आहे. मुंबई-पुण्यात ती जास्त आहे आणि पगारही बरा असतो. मनुष्यबळ विभागात जायचं असेल तर पुढचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम लागेल. कायद्याची आवड असणाऱ्यांनी तीन वर्षांच्या एलएल.बी.चाही विचार करावा.

हाताशी असावीत अशी साधनं

एक्सेल चांगलं यायला हवं: गाळणी, पिव्हट तक्ता, टक्केवारी. कोबो टूलबॉक्स हे प्रश्नावली तयार करायचं साधन शिकायला खर्च येत नाही आणि बहुतेक संस्था तेच किंवा तसंच काहीतरी वापरतात. तुमच्या तीस घरांच्या अभ्यासाचा फॉर्म त्यावरच बनवा, म्हणजे दोन्ही कामं होतील. आकड्यांची गोडी लागली तर 'आर' आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. दोन्ही मोफत आहेत. महागडे कोर्स घेऊ नका. आणि नोकरी देतो म्हणून नोंदणीचे किंवा अनामतीचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

अर्ज आणि मुलाखत

अर्जाच्या पत्रात 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य नको. ते सगळ्यांच्या पत्रात असतं. त्याऐवजी तीन ओळींत लिहा: कोणता अभ्यास केला, किती घरं, काय आढळलं. बायोडेटात बोलीभाषा जरूर नोंदवा. अहिराणी, गोंडी, कोरकू, वारली, गोरमाटी यांतली एखादी येत असेल तर ती सगळ्यात वर लिहा. नंदुरबार, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या कामासाठी ती दुसऱ्या पदवीएवढी मोलाची आहे, आणि मुलं लाजून ती लिहीत नाहीत.

मुलाखतीत पगार विचारायला संकोचू नका. फक्त हातात किती येणार, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, प्रवासाचे पैसे वेगळे का आणि करार किती महिन्यांचा, एवढं शांतपणे विचारा. मुलींनी मुक्कामाची आणि रात्रीच्या प्रवासाची काय सोय आहे हेही विचारावं. चांगली संस्था या प्रश्नाचा राग मानत नाही.

बाकी प्रश्न तुमच्या अभ्यासावर येतात. मागे एक मुलगी आली होती, बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. तिने दिवाळीनंतर आपल्याच तांड्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा अभ्यास केला होता. मी विचारलं, 'दर पाचवं घर घेतलंत, मग कुलूप असलेल्या घरांचं काय केलंत?' बहुतेकजण अशा वेळी शेजारचं उघडं घर घेतात, आणि स्थलांतराच्या अभ्यासातून नेमकी स्थलांतर केलेलीच माणसं गळून जातात. ती म्हणाली, 'अकरा घरांना कुलूप होतं. ती मी यादीत तशीच ठेवली. शेजाऱ्यांकडून कारखान्याचं नाव घेतलं आणि वैशाखात सगळे परत आल्यावर पुन्हा गेले.' पुढच्या सोमवारपासून ती कामावर रुजू झाली.